एफए चषकाचा अंतिम सामना जाणतेपणाने कसा पाहावा

फुटबॉलच्या साखळी स्पर्धेचे सामने वर्षभर आवडीने पाहणाऱ्या अनेकांना इंग्लंडच्या एफए चषकाचा अंतिम सामना अपेक्षेपेक्षा संथ वाटतो. दोन्ही संघ सावध खेळतात, गोल कमी होतात आणि मोठे नाव असलेला संघ तासभर चेंडू फिरवत राहूनही त्याच्या हाती काही लागत नाही, असे पुष्कळदा दिसते. हा सामना पाहण्याची रीतच वेगळी आहे. साखळीत बरोबरी झाली तर एक गुण मिळतो आणि आठवड्याभराने पुन्हा मैदानात उतरता येते. येथे बरोबरीला किंमत नाही आणि पुढचा आठवडाही नाही. त्यामुळे मिनिटे सरतात तसतसे एका संघाचे काम सोपे होत जाते आणि दुसऱ्याचे अवघड. या क्षणी घड्याळ कोणाच्या बाजूने आहे, हा एकच प्रश्न दर पंधरा मिनिटांनी स्वतःला विचारत राहावे. वरकरणी नीरस वाटणारा सामनाही मग उलगडू लागतो. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठीच आहे.

स्पर्धेची रचना आधी समजून घ्यावी

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनचे सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी जुलै १८७१ मध्ये या स्पर्धेचा प्रस्ताव मांडला आणि १६ मार्च १८७२ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर पहिला अंतिम सामना झाला. अल्कॉक स्वतः कर्णधार असलेल्या वाँडरर्स संघाने रॉयल इंजिनिअर्स या लष्करी संघाला १-० असे हरवले. बाद पद्धतीच्या चषकाची ही कल्पना पुढे ब्रिटिश पलटणींबरोबर हिंदुस्थानातही आली. सिमल्याला १८८८ मध्ये सुरू झालेला ड्युरँड चषक आणि मुंबईचा रोव्हर्स चषक ही त्याच घराण्यातली नावे आहेत.

आज या स्पर्धेत सातशेहून अधिक क्लब भाग घेतात. ऑगस्टमध्ये गावपातळीवरच्या हौशी संघांच्या पात्रता फेऱ्या सुरू होतात, तिसऱ्या आणि चौथ्या श्रेणीचे व्यावसायिक संघ पहिल्या मुख्य फेरीत येतात आणि प्रीमियर लीग व चॅम्पियनशिप या वरच्या दोन श्रेणींचे ४४ संघ जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत उतरतात. तेथे ६४ संघ असतात, म्हणजे मोठ्या क्लबला चषकासाठी सलग सहा सामने जिंकावे लागतात. प्रत्येक फेरीनंतर चिठ्ठ्या काढून जोड्या ठरतात आणि त्यात मानांकन नसते, त्यामुळे दोन बलाढ्य संघ तिसऱ्या फेरीतच एकमेकांसमोर येऊ शकतात. पूर्वी बरोबरी सुटली की सामना दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळवला जाई. २०२४-२५ च्या हंगामापासून पहिल्या मुख्य फेरीपासूनचे हे पुनर्सामने बंद झाले. लहान क्लबांना मोठ्या मैदानावरच्या पुनर्सामन्यातून वर्षभराचा आर्थिक आधार मिळत असे, म्हणून हा निर्णय मला आजही योग्य वाटत नाही. अंतिम सामन्याचा निकाल मात्र आधीपासूनच त्याच दिवशी लागत आला आहे: ९० मिनिटांत बरोबरी राहिल्यास ३० मिनिटांचा जादा वेळ आणि त्यानंतर पेनल्टी शूटआउट. अंतिम सामन्याचा शेवटचा पुनर्सामना १९९३ मध्ये आर्सेनल आणि शेफिल्ड वेन्सडे यांच्यात झाला होता.

दोन्ही संघांचा मार्ग वहीत मांडावा

सामन्याच्या आदल्या दिवशी अर्धा तास काढून दोन्ही संघांचे आधीचे पाच सामने एका पानावर लिहून काढावेत. प्रतिस्पर्धी कोण होता व कोणत्या श्रेणीतला, सामना घरच्या मैदानावर झाला की बाहेर, निकाल काय लागला आणि पहिला गोल कितव्या मिनिटाला झाला, एवढीच नोंद पुरते. साखळीतील गुणतक्त्यापेक्षा हे पान अंतिम सामन्याविषयी अधिक सांगते, कारण बाद सामन्यात हा संघ कसा वागतो हे त्यातच दिसते.

२०२५ चे उदाहरण पाहावे. क्रिस्टल पॅलेस हा लंडनचा संघ मँचेस्टर सिटीसमोर उभा होता. सिटीने त्याआधी सलग चार वर्षे प्रीमियर लीग जिंकलेली होती आणि पॅलेसच्या नावावर एकही मोठे विजेतेपद नव्हते. १९९० आणि २०१६ या दोन्ही अंतिम सामन्यांत तो मँचेस्टर युनायटेडकडून हरला होता. परंतु त्या हंगामातील पॅलेसचे पान असे होते: स्टॉकपोर्टविरुद्ध १-०, डॉनकास्टरविरुद्ध २-०, मिलवॉलविरुद्ध ३-१, फुलहॅमच्या मैदानावर ३-० आणि उपांत्य फेरीत ॲस्टन व्हिलाविरुद्ध ३-०. पाच सामन्यांत १२ गोल केले आणि फक्त एक स्वीकारला. हे पान समोर असलेल्या प्रेक्षकाला अंतिम सामन्यातील १-० हा निकाल आनंदाचा वाटला असेल, पण अनाकलनीय वाटला नसेल. पॅलेसला चेंडू आपल्याकडे ठेवायचाच नव्हता. बचावफळी भक्कम ठेवून मिळालेल्या एका प्रतिहल्ल्याचे सोने करायचे, हे त्या संघाचे गणित फेब्रुवारी-मार्चपासूनच दिसत होते.

वेळ, वाहिनी आणि तिकीट

मे महिन्यात लंडनची उन्हाळी वेळ लागू असल्याने भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेचार तासांनी पुढे असते. हिवाळ्यात हा फरक साडेपाच तासांचा होतो आणि अनेकांची गफलत तेथेच होते. परंपरेप्रमाणे सामना तेथे दुपारी ३ वाजता सुरू झाला तर आपल्याकडे संध्याकाळचे ७.३० वाजलेले असतात. अलीकडे प्रक्षेपणाच्या सोयीसाठी ही वेळ बदलते. २०२५ मध्ये सामना तेथे दुपारी ४.३० वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री ९ वाजता सुरू झाला. नऊची सुरुवात असेल तर जादा वेळ, पेनल्टी आणि पारितोषिक वितरण धरून मध्यरात्र होऊ शकते, हे ध्यानात ठेवून जेवण आधीच उरकून घ्यावे. प्रक्षेपणाचे हक्क काही वर्षांनी हात बदलतात, म्हणून वाहिनी कोणती हे त्याच आठवड्यात तपासावे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना प्रत्यक्ष जायचे असेल, तर ९०,००० आसनांच्या वेम्बली मैदानाची बहुतांश तिकिटे अंतिम फेरी गाठलेल्या दोन क्लबांमार्फत त्यांच्या सदस्यांना व जुन्या तिकीटधारकांना मिळतात. रस्त्यावर कोणी देऊ केलेले तिकीट घेऊ नये; इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटे परवानगीशिवाय विकणे हा १९९४ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. तिकीट एका क्लबच्या बाजूचे असेल तर दुसऱ्या क्लबचा रंग अंगावर नसावा. वेम्बली पार्क स्थानकावर उतरून ऑलिम्पिक वे या रुंद रस्त्याने चालत मैदानाकडे जाण्यात निम्मा आनंद आहे, म्हणून वेळ हाताशी ठेवूनच निघावे.

घरी पाहणाऱ्यांनीही सामन्याच्या निदान वीस मिनिटे आधी टीव्ही लावावा. १९२७ पासून या सामन्याआधी एक ख्रिस्ती प्रार्थनागीत गायले जाते आणि संपूर्ण मैदान ते एका सुरात म्हणते. त्या वर्षी कार्डिफ सिटीने आर्सेनलला हरवून चषक वेल्समध्ये नेला. इंग्लंडबाहेर चषक गेला तो तेवढ्या एकाच वेळी. वेम्बलीवरचा पहिला अंतिम सामना १९२३ चा. बोल्टन आणि वेस्ट हॅम यांच्यातील त्या सामन्याला अधिकृत आकडा १,२६,०४७ असला तरी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी अधिक माणसे आत शिरली होती. गर्दी मैदानात उतरली आणि पोलीस शिपाई जॉर्ज स्कोरी यांनी ‘बिली’ नावाच्या घोड्यावर बसून ती शांतपणे मागे हटवल्यावरच खेळ सुरू होऊ शकला.

पहिला अर्धा तास: दुबळा संघ कुठे उभा आहे

सुरुवातीला चेंडूच्या मागे डोळे धावू देऊ नयेत. दुबळा मानला गेलेला संघ चेंडू जवळ नसताना कुठे उभा राहतो, ते पाहावे. त्याची बचावफळी स्वतःच्या पेनल्टी क्षेत्राच्या रेषेजवळ असेल, तर त्या संघाने वेळ काढण्याचे ठरवले आहे आणि घड्याळ आपले मित्र आहे असे तो मानतो. तीच फळी मध्यरेषेकडे सरकलेली असेल, तर पहिला गोल लवकर मिळवून मग मागे येण्याचा विचार आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालमींच्या संघांचे बाद सामने पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला हा फरक मैदानावर नजर टाकताच कळतो. टीव्हीवर मात्र कॅमेरा चेंडूबरोबर फिरत असल्याने तो मुद्दाम शोधावा लागतो. गोलरक्षक गोलकिक घेत असताना चित्र मागून किंवा उंचावरून दाखवले जाते, तेव्हा सगळी मांडणी एका नजरेत दिसते. तो क्षण सोडू नये.

या स्पर्धेच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते. अनपेक्षित ठरलेले सर्वांत गाजलेले विजय पाहा: १९७३ मध्ये दुसऱ्या श्रेणीतील संडरलँडने लीड्सला, १९७६ मध्ये त्याच श्रेणीतील साउदम्प्टनने मँचेस्टर युनायटेडला, १९८० मध्ये तेव्हा दुसऱ्या श्रेणीत असलेल्या वेस्ट हॅमने आर्सेनलला, १९८८ मध्ये विम्बल्डनने साखळीविजेत्या लिव्हरपूलला, २०१३ मध्ये विगनने मँचेस्टर सिटीला आणि २०२५ मध्ये क्रिस्टल पॅलेसने पुन्हा सिटीलाच हरवले. हे सहाही सामने १-० असे सुटले. त्यांतील एकमेव गोल अनुक्रमे ३२ व्या, ८३ व्या, १३ व्या, ३७ व्या, ९१ व्या आणि १६ व्या मिनिटाला झाले. म्हणजे दुबळ्या संघाने एक तर पूर्वार्धात गोल करून उरलेला वेळ तो राखला, किंवा शेवटपर्यंत बरोबरी धरून ठेवून अखेरीस घाव घातला. मधल्या पाऊण तासात, बलाढ्य संघ पूर्ण जोर लावत असताना, यांपैकी एकही गोल झालेला नाही.

गोल कसे झाले हेही पाहण्यासारखे आहे. संडरलँडच्या इयन पोर्टरफिल्डचा गोल कॉर्नरवरून आला, विम्बल्डनच्या लॉरी सांचेझने डेनिस वाइजच्या फ्री किकवर डोके लावले आणि विगनच्या बेन वॉटसनचे हेडर शॉन मलोनीच्या कॉर्नरवर होते. खुल्या खेळात जो संघ कमी पडतो, त्याला थांबलेल्या चेंडूवर समान संधी मिळते. सराव नेमका होऊ शकतो तो याच प्रसंगांचा. म्हणून दुबळ्या संघाला कॉर्नर मिळाला की चहासाठी उठू नये. कोण कोणाला अडवून वाट मोकळी करून देतो आहे आणि गोलरक्षकासमोर कोण उभा केला आहे, हे पहिल्या दोन कॉर्नरांवर नीट पाहून ठेवले, तर तिसऱ्या कॉर्नरच्या वेळी काय होणार याचा अंदाज आपल्यालाही बांधता येतो.

गोल पडल्यानंतरची दहा मिनिटेही अशीच जपून पाहावीत. आघाडी घेतलेला संघ किती पावले मागे सरकतो, यावरून तो घाबरला आहे की ठरवून मागे आला आहे हे ओळखू येते. ठरवून मागे आलेल्या संघाच्या ओळींमधले अंतर कायम राहते. घाबरलेल्या संघाचे मध्यरक्षक बचावपटूंच्या अंगावर येऊन पडतात आणि पेनल्टी क्षेत्राबाहेर मोकळी जागा तयार होते.

गोलरक्षक आणि हुकलेली पेनल्टी

१-० या आकड्यामागे जवळजवळ नेहमीच एक गोलरक्षक उभा असतो. १९७३ मध्ये संडरलँडच्या जिम माँटगोमेरीने लीड्सच्या ट्रेव्हर चेरीचे हेडर अडवले आणि चेंडू समोर पडताच पीटर लोरिमरने मारलेला जोरदार फटकाही आडव्या खांबाकडे वळवला. हे दोन बचाव एका श्वासात झाले. जुन्या चित्रफितीत ते पुन्हा पुन्हा पाहावेत. पहिल्या बचावानंतर जमिनीवरून उठताना त्याची नजर चेंडूवरून हलत नाही, ते शिकण्यासारखे आहे.

१९८८ मध्ये विम्बल्डनचा कर्णधार डेव्ह बेसंट याने जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी अडवली. वेम्बलीवरच्या एफए चषक अंतिम सामन्यात पेनल्टी अडवली जाण्याची ती पहिलीच वेळ होती. २०२५ मध्ये पॅलेसच्या डीन हेंडरसनने ओमार मार्मूशची पेनल्टी अडवली. दोन्ही वेळा पेनल्टी हुकवणारा बलाढ्य संघ एका गोलने पिछाडीवर होता आणि तसाच हरला. हा काही नियम नव्हे: १९९१ मध्ये टॉटनहॅमच्या गॅरी लिनेकरची पेनल्टी नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मार्क क्रॉसलीने अडवली, तरी टॉटनहॅमने तो सामना जादा वेळेत २-१ असा जिंकला. त्यामुळे पेनल्टी हुकल्यावर निष्कर्ष काढण्याची घाई न करता पुढच्या काही मिनिटांत तो संघ कसे पास देतो ते पाहावे. पूर्वीइतक्याच संयमाने चेंडू बाजूंना फिरत असेल तर संघ सावरला आहे. दुरूनच फटके मारले जाऊ लागले, तर घड्याळाने त्याला गाठले आहे.

साठाव्या मिनिटानंतर राखीव खेळाडूंकडे पाहावे

आज प्रत्येक संघाला पाच बदली खेळाडू वापरता येतात आणि सामना जादा वेळेत गेला तर आणखी एक. १९५६ मध्ये मँचेस्टर सिटीचा जर्मन गोलरक्षक बर्ट ट्राउटमन मानेला जबर मार लागूनही शेवटची सतरा मिनिटे खेळत राहिला, कारण तेव्हा बदली खेळाडू घेण्याची मुभाच नव्हती. मानेचे हाड मोडले असल्याचे निदान काही दिवसांनी झाले. आज प्रशिक्षकाचा सगळा डाव या बदलांतून दिसतो. पिछाडीवरच्या संघाने बचावपटू काढून आघाडीपटू घेतला तर ते उघडच आहे. आघाडीवरचा संघ कोणाला बाहेर काढतो ते मात्र बारकाईने पाहावे: त्याने आपला सर्वांत वेगवान खेळाडू काढला, तर प्रतिहल्ल्याची धमकी संपते आणि समोरचे बचावपटू निर्धास्तपणे पुढे सरकतात. अनेक आघाड्या अशाच निसटतात.

विगनचा बेन वॉटसन २०१३ मध्ये बदली म्हणून आला होता आणि भरपाई वेळेत, म्हणजे वाया गेलेल्या वेळेसाठी ९० मिनिटांनंतर वाढवून दिलेल्या मिनिटांत, त्याने गोल केला. त्याआधी सिटीचा पाब्लो सबालेता दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला होता, म्हणून जादा वेळेकडे जाण्यात विगनचाच फायदा दिसत होता. तरीही त्या संघाने वेळ काढली नाही. तीन दिवसांनी हाच विगन प्रीमियर लीगमधून खालच्या श्रेणीत ढकलला गेला, यावरून साखळी आणि चषक यांची मोजमापे किती निरनिराळी आहेत हे कळते.

उलट प्रकारही लक्षात असावा. १९७९ मध्ये आर्सेनल ८५ व्या मिनिटापर्यंत २-० असा पुढे होता. मँचेस्टर युनायटेडने एकापाठोपाठ दोन गोल करून बरोबरी साधली आणि जादा वेळ अटळ वाटत असतानाच ॲलन संडरलँडने आर्सेनलचा तिसरा गोल केला. बरोबरी साधल्याच्या आनंदात युनायटेडची फळी क्षणभर विस्कळीत झाली होती. बरोबरीच्या गोलनंतर लगेच वाहिनीवर पुनर्दर्शन सुरू होते. त्या वेळीही कान समालोचनाकडे असू द्यावा.

जादा वेळ आणि पेनल्टी

जादा वेळेत मोजे खाली आलेले, पोटऱ्या चोळणारे खेळाडू शोधावेत. हल्ला त्याच बाजूने होणार असतो. पेनल्टी शूटआउटची वाट पाहत बसणे मात्र व्यर्थ आहे. २०२५ पर्यंतच्या दीड शतकाच्या इतिहासात केवळ तीन अंतिम सामने तसे सुटले: २००५ मध्ये आर्सेनल, २००६ मध्ये वेस्ट हॅमविरुद्धच्या ३-३ नंतर लिव्हरपूल आणि २०२२ मध्ये चेल्सीविरुद्ध पुन्हा लिव्हरपूल. यांतला २००६ चा सामना पूर्ण पाहावा असा माझा आग्रह आहे. भरपाई वेळेत स्टीव्हन जेरार्डने तीस मीटरहून अधिक अंतरावरून मारलेला बरोबरीचा गोल सर्वांना माहीत असतो. त्याआधीच्या तासाभरात वेस्ट हॅमने किती निर्भय खेळ केला होता, ते मात्र संपूर्ण सामना पाहिल्याशिवाय समजत नाही.

शेवटच्या शिटीनंतर

सामना संपताच टीव्ही बंद करू नये. हरलेला संघ आधी पदके घेतो, मग विजेते १०७ पायऱ्या चढून राजपरिवाराच्या सज्जात जातात आणि विजेत्या क्लबच्या रंगाच्या फिती बांधलेला चषक कर्णधार उंचावतो. या चषकाचा आकार १९११ पासून तोच आहे. सर्वांत पहिला चषक १८९५ मध्ये ॲस्टन व्हिलाने जिंकल्यानंतर बर्मिंगहॅममधील एका दुकानाच्या काचेआडून चोरीला गेला आणि पुन्हा कधीच सापडला नाही.

विजेत्याला पुढच्या हंगामात युरोपीय क्लबांच्या युरोपा लीग या स्पर्धेत स्थान मिळते, पण ते युरोपीय फुटबॉल संघटनेच्या नियमांच्या अधीन असते. एकाच मालकाचे दोन क्लब एका स्पर्धेत नसावेत या नियमामुळे २०२५ च्या विजेत्या पॅलेसला युरोपा लीगऐवजी खालच्या कॉन्फरन्स लीगमध्ये पाठवण्यात आले आणि क्रीडा लवादाकडे केलेले अपीलही फेटाळले गेले. म्हणून मे महिन्यात विजेत्याच्या नावापुढे लिहिलेली युरोपीय जागा पेन्सिलनेच लिहावी आणि ऑगस्टमध्ये निकाल पक्का झाला की शाईने गिरवावी.